पिंपातला पाला : आंबवलेल्या द्रवखताविषयी अनुभवाचे बोल

पाला, तण, फळांच्या साली किंवा शेण पाण्यात काही दिवस ठेवून, सूक्ष्मजीवांकडून त्यांचे अंशतः विघटन घडवून आणून, वरचे पाणी गाळून झाडांना देण्याची पद्धत भारतात नवी नाही. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथात ‘कुणपजल’ या नावाने प्राण्यांचे मांस, चरबी, मज्जा इत्यादींपासून असे द्रवखत करण्याची कृती दिलेली आहे, आणि या ग्रंथाचा नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच धर्तीवरची वनस्पतिजन्य द्रवखते पुन्हा प्रचारात आली. महाराष्ट्रात मात्र या विषयाला घरोघरी नेले ते अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या ‘जीवामृता’ने. आज पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर, नाशिकच्या बंगल्यांच्या परसात आणि कोकणातल्या वाड्यांमध्ये या प्रकारच्या कृती हातोहात फिरत असतात, परंतु फिरता फिरता त्यांतील मापे तेवढी टिकतात आणि पिंपात नेमके काय घडते याचे ज्ञान गळून पडते. घरबागेत या खतामुळे होणारे बहुतेक अपाय या अज्ञानातून होतात, खतातून नव्हे.

वनस्पतींचे अवशेष पाण्यात बुडवून ठेवले की दोन निरनिराळ्या क्रिया संभवतात. भरपूर साखर किंवा गूळ असेल आणि हवा कमी असेल, तर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू व यीस्ट साखरेवर वाढतात, द्रवाचा सामू, म्हणजे त्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा निर्देशांक, झपाट्याने खाली येतो, आणि तो ४ च्या आसपास स्थिरावला की सडवणाऱ्या जीवाणूंना तेथे वाढता येत नाही. अशा द्रवाला ताकासारखा किंवा आंबलेल्या फळासारखा वास येतो आणि तो बराच काळ टिकतो. याउलट, साखर न घालता प्रथिनांनी भरलेला हिरवा पाला नुसत्या पाण्यात ठेवला, तर आम्लता वाढत नाही, प्रथिने फुटून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड व ब्युटिरिक आम्ल यांसारखे उग्र वासाचे पदार्थ बाहेर पडतात, आणि खत तयार होते ते सडण्यातून. दोन्ही मार्ग वापरात आहेत व दोन्हींचा उपयोग आहे. घोटाळा होतो तो एका मार्गाची मापे दुसऱ्याला लावल्यामुळे, कारण गुळाच्या द्रवाला हवाबंद भांडे सांगितले म्हणून पाल्याचे पिंपही घट्ट बंद केले जाते, आणि पाल्याचे पाणी दहापट पातळ करतात म्हणून गुळाचा अर्कही तेवढाच पातळ करून कुंडीत ओतला जातो.

गुळाच्या मार्गातील पहिला धोका वायूचा आहे. ‘बायोएन्झाइम’ या नावाने परिचित असलेल्या कृतीत १ भाग गूळ, ३ भाग फळांच्या साली आणि १० भाग पाणी असे प्रमाण घेतात व मिश्रण सुमारे तीन महिने ठेवतात. या हिशेबाने एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ पडतो, आणि त्यातील साखर यीस्टने पूर्णपणे आंबवली तर सामान्य तापमानाला २० लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. प्रत्यक्षात काही साखर वायू न सोडता आम्लात रूपांतरित होत असल्याने आकडा कमी भरतो, तरीही दोन लिटरच्या बाटलीच्या मानाने तो फार मोठाच राहतो. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली दाब सोसण्यासाठी बनवलेली असते आणि फुगून आधी इशारा तरी देते. काचेची बरणी इशारा देत नाही. म्हणून काच या कामी वर्ज्य समजावी, भांड्याचा किमान चौथा हिस्सा रिकामा ठेवावा, आणि पहिला महिनाभर झाकण दररोज सैल करून वायू सोडावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गावी जाताना ही बाटली बंद कपाटात ठेवून जाणे म्हणजे परत आल्यावर भिंती पुसण्याची तयारी ठेवणे होय. झाकण घट्ट न लावता बाटलीच्या तोंडावर फडके बांधले तर स्फोटाची भीती राहत नाही. मात्र हवा आत गेल्याने वर पांढरी साय धरते व द्रव शिरक्याकडे झुकतो, जे खतासाठी फारसे बिघडवणारे नाही. काळी किंवा हिरवी बुरशी धरली तर तो घाणा टाकून द्यावा.

पाल्याच्या पिंपाचे निरीक्षण अधिक बोधक ठरते, आणि त्यासाठी गिरिपुष्प, म्हणजे कोकणात उंदीरमारी या नावाने ओळखले जाणारे कुंपणाचे झाड, हे चांगले उदाहरण आहे. त्याचा कोवळा पाला काड्या काढून, चुरगाळून, एका किलोला दहा लिटर या मापाने पाण्यात बुडवला की पहिल्या दिवशी कापलेल्या गवताचा हिरवा वास येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेने फेस धरू लागतो आणि काठीने ढवळताच बुडबुड्यांची रांग वर येते. आठवड्याच्या आत पानांचा गर सुटून शिरांची जाळी उरते, पाणी शेवाळी-तपकिरी होते, आणि वास गोठ्यातल्या मुतारीच्या जवळ जातो. उन्हाळ्यात बुडबुडे दोन आठवड्यांत थांबतात, डिसेंबर-जानेवारीत त्याला याच्या दुप्पट वेळ लागू शकतो, आणि म्हणून ‘अमुक दिवसांनी तयार’ असे सांगणाऱ्या कृतीपेक्षा फेस बसला का, पाला विरघळला का, हे पाहणे अधिक विश्वासाचे आहे. रोज एकदा ढवळल्यास थोडा ऑक्सिजन मिळून सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा वास, आटोक्यात राहतो. हा वायू विषारी असून अधिक प्रमाणात असताना नाकाची संवेदनाच बधिर करतो, म्हणून वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे मानू नये. बंद न्हाणीघरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत असे पिंप ठेवून त्यावर वाकून ढवळणे सर्वस्वी चूक आहे. सेंद्रिय पदार्थांनी गढूळ झालेले पाणी क्यूलेक्स डासांच्या माद्यांना अंडी घालण्यासाठी विशेष आकर्षित करते, त्यामुळे पिंपाच्या तोंडावर दाट विणीचे सुती फडके दोरीने आवळून बांधणे हा शिष्टाचाराचा नव्हे तर आरोग्याचा भाग आहे. सोसायटीतील शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा वासापासून सुरू होतात आणि डासांपर्यंत येऊन पक्क्या होतात.

इतके सोसून हाती काय लागते, याचा हिशेब उत्साही पुस्तिकांमध्ये क्वचितच मांडलेला असतो. गिरिपुष्पाच्या ताज्या पाल्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते आणि कोरड्या भागात नत्र, म्हणजे नायट्रोजन, सुमारे ३ ते ४ टक्के असते. त्यामुळे एक किलो ताज्या पाल्यात नत्र जेमतेम ७ ते ९ ग्रॅम भरते. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने हे प्रमाण १५ ते २० ग्रॅम युरियाएवढे, म्हणजे एका लहान मुठीएवढेही नाही. त्यातील काही नत्र चोथ्यात अडकते, काही अमोनिया होऊन उडून जाते, आणि उरलेले दहा लिटर पाण्यात पसरते. पालाश, म्हणजे पोटॅशियम, वनस्पतीच्या पेशीत बहुतांश सुटे असल्याने पाण्यात लवकर उतरते व या खतात त्याचे प्रमाण तुलनेने चांगले राहते. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मात्र फारसे मिळत नाही. यावरून हे खत निरुपयोगी ठरत नाही, कारण कुंडीतल्या झाडाला थोडे थोडे, पण लगेच घेता येईल असे अन्न हवेच असते. परंतु शेणखत, गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचे कंपोस्ट यांना ते पर्याय होऊ शकत नाही, आणि फळ धरणाऱ्या टोमॅटोला नुसत्या पालापाण्यावर पोसण्याची अपेक्षा धरली तर पिवळी पडणारी खालची पाने तिचा निकाल देतात. जीवामृताच्या बाबतीत तर पाळेकर स्वतःच त्याला झाडाचे अन्न न म्हणता जमिनीतील जीवाणू वाढवणारे, दुधाला लावलेल्या विरजणासारखे माध्यम मानतात. ज्या कुंडीत मुळात सेंद्रिय पदार्थच नाही तेथे विरजण लावायचे कशाला, हा प्रश्न त्या विचारातूनच उभा राहतो.

खत कमकुवत असूनही झाडे जळतात, ही विसंगती अनेकांना गोंधळात टाकते. तिचे कारण असे की जळण्यासाठी एकूण अन्न जास्त असावे लागत नाही, मुळांजवळचे क्षार व अमोनिया एका वेळी जास्त झाले तरी पुरते. पाण्यात विरघळलेल्या अमोनियम क्षारातील काही भाग मुक्त अमोनियाच्या रूपात असतो व तोच मुळांना घातक असतो; सामू ७ असताना तो शंभरात एकाहूनही कमी असतो, पण सामू ८ च्या वर गेल्यावर शंभरात पाचाच्या पुढे जातो. दख्खनच्या काळ्या मातीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो आणि बोअरवेलचे जड पाणी त्यात भरच घालते, त्यामुळे लाल मातीच्या कोकणात निभावून जाणारी मात्रा पुणे-सोलापूरकडे कुंडी करपवू शकते. गुळाच्या अर्कात हा अमोनियाचा त्रास नसतो, परंतु न आंबलेली साखर उरली असेल तर ती मिळताच मातीतले जीवाणू एकदम वाढतात, मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन व नत्र दोन्ही खाऊन टाकतात, आणि कुंडीवर मुंग्या, चिलटे व पांढरी बुरशी येते. म्हणून पालापाणी निदान दहापट, आणि गूळ घातलेला अर्क ५०० ते १००० पट पातळ करावा. एक लिटर पाण्यात अर्काचा चहाचा चमचाभरसुद्धा नको, हे सुरुवातीला कोणाला पटत नाही.

पातळ केलेले पाणी झाडाला सोसेल की नाही याची परीक्षा महाराष्ट्रातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात करता येते, कारण कंपोस्टची विषारता तपासण्यासाठी प्रयोगशाळांत ज्या वनस्पतीचे बी वापरतात ती म्हणजे आपला हळीव. दोन बशांत कापसाची पातळ घडी अंथरून, एका बशीत साधे पाणी व दुसऱ्या बशीत पातळ केलेले खत शिंपडून, प्रत्येकीत मोजून वीस बिया पसरून, दोन्ही बशा एकाच सावलीच्या जागी झाकून ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांनी साध्या पाण्यातील कोंबांना पांढरी, सरळ मुळे सुटलेली असताना खताच्या बशीतील मुळे आखूड, टोकाशी तपकिरी किंवा वळलेली दिसली, तर द्रव आणखी पातळ करावा किंवा आणखी आठवडाभर थांबावे.

कच्च्या मालाच्या निवडीत होणाऱ्या चुका या परीक्षेतही कधी कधी सापडत नाहीत. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत फुकट व मुबलक असल्याने पिंपात जाते, पण ते फुलोऱ्याआधीच घ्यावे लागते, कारण एका झाडाला हजारो बिया धरतात आणि थोडे दिवस पाण्यात राहून त्या सगळ्या मरतात असा भरवसा नसतो. शिवाय त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला दाह होतो, म्हणून हातमोज्यांशिवाय ते चुरगाळू नये. अधिक फसवा धोका तणनाशकाचा आहे. ज्वारी, मका व उसाच्या शेतात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारतात, आणि अशा बांधावरून आणलेले तण पिंपात घातले तर ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात त्या रसायनाचे विघटन उघड्या जमिनीपेक्षा बरेच मंद होते. टोमॅटो, कापूस, भेंडी व द्राक्ष यांना त्याचा अंशही पुरतो. नवी पाने अरुंद, पंख्यासारखी, शिरा एकमेकींना समांतर धावणारी अशी येतात, आणि माळी त्याला चुरडामुरडा समजून पांढऱ्या माशीवर औषध मारत बसतो. तण कोणाच्या शेतातले आणि त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारल्याशिवाय ते घरी आणू नये. भंगारात मिळणारे निळे पिंप घेतानाही त्यात पूर्वी काय होते हे कळत नसेल तर नवी बादली स्वस्त पडते. आम्लधर्मी द्रवामुळे तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा झिजून धातू द्रवात उतरतो, म्हणून भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे असावे.

दशपर्णी अर्काला खत समजणे हा आणखी एक रूढ गैरसमज आहे. कडुनिंब, सीताफळ, एरंड, रुई, कण्हेर अशा दहा वनस्पतींचा पाला महिनाभराहून अधिक काळ कुजवून केलेला हा अर्क कीडनियंत्रणासाठी असतो, कण्हेरातील द्रव्ये हृदयाला घातक असतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत तो भरून फ्रिजशेजारी ठेवण्याचा निष्काळजीपणा अक्षम्य म्हणावा लागेल.

शेण व गोमूत्र घालून केलेल्या द्रवांना वेगळी शिस्त लागते. जीवामृताच्या मूळ कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि मूठभर माती घेऊन दोन दिवस सावलीत आंबवतात व आठवड्याच्या आत संपवतात. या अवधीत शेणातील रोगजंतू नाहीसे होतात असे मानण्यास आधार नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणीकरणात कच्चे शेणखत घातल्यापासून, मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत १२० दिवस आणि इतर खाद्यपिकांसाठी ९० दिवस अंतर ठेवावे लागते. कोथिंबीर, पालक, मुळा यांचे आयुष्यच त्याहून लहान असते, म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर असा द्रव फवारू नये. गुलाब, जास्वंद, शेवगा किंवा आंब्याच्या मुळाशी तो द्यावा. हाताला जखम असल्यास हातमोजे घालणे आणि धनुर्वाताची लस घेतलेली असणे आवश्यक आहे, कारण त्या रोगाचे बीजाणू शेणात व मातीत असतात.

द्रव देण्याची वेळ उन्हे उतरल्यावरची असावी, कुंडी आधी साध्या पाण्याने ओली केलेली असावी, आणि दोन मात्रांमध्ये पंधरा दिवसांचे अंतर असावे; जुलै-ऑगस्टमध्ये कुंड्या आधीच निथळत असताना ओतलेले खत तळाच्या भोकातून खाली वाहून खालच्या मजल्याच्या गॅलरीत जाते. बिघडलेला घाणा मोरीत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, कारण त्याचे विघटन पूर्ण होताना तो पाण्यातील ऑक्सिजन खेचून घेतो. वाळक्या पाचोळ्याचा किंवा लाकडी भुशाचा ढीग करून त्यावर तो थोडा थोडा शिंपडल्यास दुर्गंधी दोन-तीन दिवसांत जिरते आणि त्यातील नत्र पाचोळा कुजवण्याच्या कामी येते. गाळून उरलेला चोथाही त्याच ढिगात मधोमध पुरावा, वर उघडा राहिला तर त्यात माश्यांच्या अळ्या होतात.