एक चित्रपट, दोन पार्श्वसंगीते

गेल्या महिन्यात संगीताच्या तासाला आम्ही एक छोटा प्रयोग केला. जंगलात एकटी चालणारी मुलगी, एवढेच दाखवणारे दोन मिनिटांचे दृश्य आवाज पूर्ण बंद करून लावले. पहिल्यांदा पेटीवर भूपाची संथ आलापी वाजवली. दुसऱ्यांदा पेटीचा फक्त एक खर्जाचा स्वर धरून ठेवला. पहिल्या वेळी मुले म्हणाली, "ती फुले तोडायला निघाली आहे." दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "तिच्या मागे कोणीतरी आहे!" चित्र तेच होते, मागे कोणीही नव्हते.

हाच प्रयोग एका मोठ्या चित्रपटावर खरोखर झालेला आहे. रिडली स्कॉट या दिग्दर्शकाचा 'लेजंड' हा १९८५ सालचा इंग्रजी अद्भुतपट. जॅक हा वनात राहणारा मुलगा, लिली ही राजकन्या आणि जगावर कायमची रात्र आणू पाहणारा 'डार्कनेस' नावाचा शिंगे असलेला राक्षस. लिली मोहाने एका युनिकॉर्नला, म्हणजे एकशिंगी घोड्याला, स्पर्श करते आणि त्यातून अनर्थ ओढवतो. गोष्ट आपल्या आजीच्या गोष्टींसारखीच साधी.

या चित्रपटाला जेरी गोल्डस्मिथ यांनी कित्येक महिने खपून संगीत दिले. लंडनमध्ये मोठा वाद्यवृंद आणि वृंदगान घेऊन ते ध्वनिमुद्रित झाले. लिली पडद्यावर गाते, त्यामुळे तिच्या चाली चित्रीकरणाआधीच बांधाव्या लागल्या होत्या. युरोपात चित्रपट याच संगीतासह लागला. अमेरिकेत मात्र निर्मिती कंपनीला धास्ती वाटली, की हे तरुण प्रेक्षकांना रुचणार नाही. चित्रपटाला कात्री लागली, गोल्डस्मिथ यांचे संगीत काढले गेले आणि 'टँजरीन ड्रीम' या जर्मन वाद्यसमूहाकडून थोड्या आठवड्यांत नवे संगीत करून घेतले. १९८६ साली अमेरिकेने पाहिला तो हा चित्रपट. महिनोन्‌महिन्यांचे काम असे एका निर्णयाने बाजूला पडले. संगीतकाराला काय वाटले असेल, याची कल्पना गाणे शिकणाऱ्या मुलांनी करून पाहावी.

फरक नेमका कुठे पडतो? आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते राक्षसाच्या महालातले दृश्य. काळ्या पोशाखातील एक आकृती नाचत येते, लिलीला आपल्याकडे ओढते आणि थोड्या वेळाने तोच काळा पोशाख लिलीच्या अंगावर असतो. संवाद जवळजवळ नाहीच, म्हणजे सगळे काम संगीताचे. गोल्डस्मिथ यांनी येथे वॉल्ट्झ योजला आहे. तीन मात्रांचा झुलता ठेका, आपल्या दादऱ्याशी थोडे नाते सांगणारा. त्यामुळे लिली घाबरलेली असूनही नृत्याच्या ओढीने आपली आपणच खेचली जाते, असे वाटते. टँजरीन ड्रीमच्या संगीतात सिंथेसायझरचे लांबट, तरंगते स्वर आहेत. तेथे लिली स्वप्नात किंवा गुंगीत असल्यासारखी भासते. तिची स्वतःची ओढ कमी आणि राक्षसाची जादू जास्त. मग चूक कोणाची, लिलीची की जादूची? संगीत बदलले आणि गोष्टीतला दोषही एकाकडून दुसऱ्याकडे सरकला.

येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेत संगीताबरोबर संकलनही बदलले होते, त्यामुळे प्रत्येक फरकाचे खापर संगीतावर फोडता येणार नाही. शिवाय 'जुने ते वाद्यवृंदाचे, नवे ते यंत्राचे' अशी वाटणीही खरी नाही. गोल्डस्मिथ यांनीही सिंथेसायझर वापरला आहे, पण वाद्यवृंदात मिसळून. २००२ साली दिग्दर्शकाची सुमारे ११३ मिनिटांची आवृत्ती गोल्डस्मिथ यांच्या संगीतासह डीव्हीडीवर आली आणि सोबत अमेरिकी आवृत्तीही दिली गेली. तेव्हापासून रसिकांत दोन तट आहेत. आमचे मत गोल्डस्मिथ यांच्या बाजूचे. परंतु टँजरीन ड्रीम ऐकतच जे मोठे झाले, त्यांना तोच खरा 'लेजंड' वाटतो आणि त्यांना खोटे ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याजवळ बसून वादक पेटी-तबला वाजवीत. वादक बदलला की त्याच चित्राचा रंग बदलत असणार. आजोबा-पणजोबांकडून कोणी असे काही ऐकले असेल, तर पालकांनी आम्हांला जरूर लिहून कळवावे.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी गृहपाठ: घरी कोणत्याही चित्रपटातील संवाद नसलेले दोन मिनिटांचे दृश्य निवडा. ते आधी आवाज बंद करून पाहा आणि काय वाटले ते चार ओळींत लिहा. मग आवाजासह पाहून पुन्हा चार ओळी लिहा. पहिल्या ओळी नंतर खोडू नका. 'लेजंड' स्वतः पाहायचा असेल तर पालकांसोबतच पाहावा. त्यातला राक्षस धाकट्या भावंडांची झोप उडवण्याइतका भयंकर आहे, मग संगीत कोणाचेही असो.