द्राक्षे भीमेकाठची, मग वाईन नाशकातच का?

प्रश्न : आमचे गाव करजगी, तालुका अफजलपूर. आमच्याकडे भीमेच्या पाण्यावर ऊस, कोरडवाहूत तूर. शेजारच्या सोलापूर आणि विजयपूर जिल्ह्यांत मात्र द्राक्षबागा आहेत. माल पेठेत जातो, नाहीतर शेडवर बेदाणा होतो. मुलगा म्हणतो, देशात वाईनचा खप वाढतोय, आपणही दोन एकर वाईनची द्राक्षे लावू. वाईन खरेच वाढते आहे का? की ऊस-कांद्यासारखी एकदा वर, एकदा खाली?
– एक शेतकरी वाचक, करजगी (जि. कलबुर्गी)

उत्तर : मुलगा खोटे बोलत नाही, पण तो गेल्या दहा-बारा वर्षांचेच सांगतो आहे. त्याआधीच्या काळात मागे गेलात तर वाटेत मोठा खड्डा लागेल, आणि तो शेतकऱ्यांच्या बागांतच पडला होता.

1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फ्रेंच तंत्रज्ञांना हाताशी धरून फसफसणारी वाईन तयार केली. ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली गेली. 1988मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी बंगळूरजवळ नंदी डोंगराच्या परिसरात फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. 1997मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ लागवड केली आणि 2000मध्ये ‘सुला’ची पहिली बाटली बाजारात आली. तोवर देशातली वाईन म्हणजे मोजक्या घरांचा उद्योग होता.

पाणी खरे वाढले ते सरकारने बांध फोडल्यावर. महाराष्ट्राने 2001मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, राज्यात बनणाऱ्या वाईनवरचे उत्पादन शुल्क माफ केले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे केले. तुमच्या कर्नाटकाने 2007मध्ये स्वतंत्र वाईन धोरण केले. गावोगावी वायनरींच्या पाट्या लागल्या, करारावर लागवडी झाल्या.

मग 2008 आले. जगभर मंदी, त्यात नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला. वाईनचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हॉटेले. तीच ओस पडली. टाक्या जुन्या वाईनने भरलेल्या आणि नवा हंगाम दारात. नारायणगावची ती जुनी कंपनीही पुढे कर्जात बुडाली. माल घ्यायला कोणी येईना, तेव्हा अनेकांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खायच्या द्राक्षांची वाट धरली.

कांद्याचा भाव पडला तर पुढच्या हंगामात कांदा कमी लावता येतो. वेलीचे तसे नाही. आज लावलेली वेल पुरते उत्पन्न द्यायला तीन वर्षे घेते. 2006चा भाव पाहून केलेली लागण भरात आली ती 2009मध्ये, म्हणजे नेमकी पडत्या बाजारात. वाईनच्या पुरवठ्यातले चढउतार मोठे दिसतात ते यामुळे.

दुसरी अडचण फळाची. थॉम्पसन किंवा सोनाका ही खायची द्राक्षे पेठेत न खपली तर बेदाणा करता येतो. चार-पाच किलोंचा एक किलो होतो, पण माल वाया जात नाही. वाईनची शिराझ किंवा काबर्ने मात्र वेगळी. मणी लहान, साल जाड, आत बिया, घड गच्च. खाणारा ती हातात घेणार नाही आणि बियांमुळे बेदाण्यालाही चालत नाही. शिवाय ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, बावीस-तेवीसला आला की चार-आठ दिवसांत तोड झालीच पाहिजे. त्या आठवड्यात वायनरीचा ट्रक आला नाही, तर तुमच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नाही.

आता चढती बाजू. खड्ड्यातून उद्योग बाहेर आला हे खरे. ‘सुला’ने 2022-23मध्ये स्वतःच्या वाईनच्या दहा लाख पेट्यांचा टप्पा ओलांडला. पेटीत पाऊण लिटरच्या बारा बाटल्या, म्हणजे नऊ लिटर. दहा लाख पेट्या म्हणजे 90 लाख लिटर. एका टनातून साधारण 650 लिटर वाईन धरा, तर याला चौदा हजार टनांच्या आत द्राक्षे पुरतात. एकरी पाच टन धरले तर जमीन लागते पावणेतीन हजार एकर. देशातल्या सर्वांत मोठ्या वाईन कंपनीची ही भूक! आणि देशात द्राक्षे पिकतात तीस लाख टनांहून अधिक. वाईन वाढते आहे, पण द्राक्षांच्या राशीत ती अजून मूठभरच. आपल्याकडे माणशी वर्षाला शंभर मिलिलिटरसुद्धा वाईन खपत नाही.

जगात तर वारे उलटे आहे. 2023मध्ये जगाचे वाईन उत्पादन 1961नंतरच्या तळाला गेले आणि 2024मध्ये त्याहूनही खाली. हवामानाने काही मारले, पण पिणारेही घटले. फ्रान्समध्ये साठच्या दशकात माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाईन लागे. आज त्याच्या निम्मीही लागत नाही. तिथल्याच बोर्डो भागात 2023मध्ये शेतकऱ्यांना वेली उपटण्यासाठी हेक्टरी 6000 युरो देऊ केले गेले. तिकडचा विक्रेता आता भारताकडे डोळे लावून बसला आहे. परदेशी वाईनवर आपण दीडशे टक्के आयात शुल्क लावत आलो. ऑस्ट्रेलियाच्या महागड्या बाटल्यांवरचे ते डिसेंबर 2022पासून टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले आहे.

राहिला तुमच्या सीमेचा प्रश्न. करजगीचे द्राक्ष सोलापूरच्या पेठेत नेताना कोणी अडवणार नाही. त्याच द्राक्षाची कर्नाटकात वाईन झाली की ती सोलापुरात परराज्यातली ठरते, कारण दारूचा विषय घटनेने राज्यांकडे दिला आहे आणि ती जीएसटीबाहेर आहे. परवाना वेगळा, शुल्क वेगळे. म्हणून वायनरी जिथे आधी जमल्या तिथेच जमत गेल्या: महाराष्ट्रात नाशिक, कर्नाटकात नंदी.

म्हणून मुलाला सरळ नाही म्हणू नका. आधी करारपत्र आणायला सांगा. त्यात किती वर्षे घेणार, कोणत्या ब्रिक्सला काय दर आणि ठरल्या दिवशी माल उचलला नाही तर भरपाई किती, हे तिन्ही लिहिलेले हवे. आणि लागण केलीच तर डॉगरिजच्या खुंटावर करा. हा खुंट मूळचा टेक्सासच्या रानवेलीचा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे वाईन उत्पादन 1875मधल्या 845 कोटी लिटरवरून 1889मध्ये 234 कोटींवर आणले, तेव्हा तिथल्या बागा वाचल्या त्या अशाच अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून. तुमच्याकडे डॉगरिज लागतो तो क्षार आणि पाणीटंचाई सोसतो म्हणून. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे गिऱ्हाईक फिरले तर शिराझ छाटून त्याच खुंटावर थॉम्पसनचे कलम बांधता येते. एखादा हंगाम जाईल, पण मुळे जमिनीत राहतील.