गडावर निघालीस, तर आधी पाण्याचं बघ

पोरी, दिवाळीनंतर मैत्रिणींबरोबर हरिश्चंद्रगडाला जायचं ठरवलंस, ते फार चांगलं केलंस. तेव्हा चिखल वाळलेला असतो, टाकी भरलेली असतात आणि ऊन अजून भाजत नाही. बॅगेत काय भरायचं ते तुम्हा मुलींना नीट ठाऊक आहे, त्यामुळं यादी देत नाही. मला सांगायचं आहे ते एकाच गोष्टीभोवती फिरेल. डोंगरात पाणी कुठं आहे, कुठून येतं आणि कुठं जातं, यावर सतत नजर ठेव. सह्याद्रीत सुखरूप फिरणं त्यावरच अवलंबून आहे, आणि गड समजतो तोही त्यातूनच.

आपला हा डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. काळा कातळ घट्ट, त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. ते भेगांतून खाली उतरतं आणि दोन थरांच्या मधे जो मऊ, बऱ्याचदा तांबूस पट्टा असतो तिथून पाझरतं. जुन्या माणसांनी हे नेमकं हेरलं होतं, टाकी खोदायला जागा निवडल्या त्या हे बघूनच. चालताना समोरच्या कड्यावर आडवी हिरवी रेघ दिसली किंवा उघड्या उतारावर एकटाच उंबर दिसला, की थांबून बघ. बहुतेक वेळा तिथं ओल सापडते. दोन-तीन गड असे बघितलेस, की टाकी कुठं असतील याचा अंदाज वर पोचायच्या आधीच यायला लागेल.

पण टाकी आहेत म्हणून खालून रिकामी निघू नकोस. थंडीतसुद्धा माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवंच. चढताना तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहा. मीठ-साखर-लिंबू किंवा कोकमाचं सरबत एका बाटलीत वेगळं ठेव, कारण घामातून मीठही जातं आणि पायात गोळे येतात ते त्यामुळंही. टाक्यातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून, उकळून किंवा औषधाची गोळी टाकूनच प्यायचं.

आता एक गोष्ट तुम्हा मुलींना मुद्दाम सांगते. आडोसा मिळणार नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसतात. असं करायचं नाही. लघवीचा रंग गडद दिसला की पाणी कमी पडतंय असं समजावं. दोघींनी मिळून आडोशाला जावं, तिसरीनं वाटेवर थांबावं, यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र जागा टाक्यांपासून आणि ओढ्यापासून लांब हवी, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच नको. कागद, पॅड सगळं पिशवीत बांधून परत खाली आणायचं. गडावरच्या मंदिराजवळून वाहणारा ओढा म्हणजे मंगळगंगा, ती पायथ्याच्या पाचनई गावाकडे उतरते. वर जे टाकशील ते खालच्या माणसांच्या पाण्यात जातं.

वाट पाचनईचीच धर. दोन-तीन तासांत वर पोचवते, आणि पुढं झुकलेल्या कड्याच्या पोटातून जाताना गड कसा घडलाय तेही दाखवते. खिरेश्वरहून टोलार खिंडीतली वाट जुनी आणि देखणी आहे. खिंडीत वाघाचं शिल्प आहे, खाली गावाजवळ नागेश्वराचं कोरीव मंदिर आहे, पिंपळगाव जोग्याचं पाणी बाजूला पसरलेलं दिसतं. पण तिथं खिंडीनंतर कातळटप्पा आहे आणि वर गेल्यावर एकसारख्या टेकड्यांचं पठार लागतं. धुक्यात तिथं चांगले चांगले चकतात. नळीच्या वाटेचं नावही यंदा काढू नकोस. कोकणातून कड्याला भिडणारी ती वाट दोराची माहिती असलेल्या सोबत्यांबरोबरच करायची.

गावात वाट विचारताना प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘ही वाट गडावर जाते ना?’ असं विचारलंस, तर म्हातारी बाई पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून ‘जाती की’ म्हणेल. ‘ही वाट कुठं जाते?’ असं विचार आणि तिला बोलू दे. ‘किती लांब?’ हाही प्रश्न कामाचा नाही, कारण त्यांची चाल वेगळी. ‘मध्ये पाणी कुठं लागतं? फाटा कुठं फुटतो?’ हे विचार. त्याची उत्तरं पक्की मिळतात. त्याहून बरं म्हणजे गावातला वाटाड्या सोबत घ्या, पैसे आधी ठरवा आणि ठरले तेवढे हातात द्या, घासाघीस नको. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या इथल्या माणसांना कोणत्या झाडाखाली काय उगवतं इथपासून कोणत्या घळीत वारा कसा वळतो इथपर्यंत माहिती असते. चालताना त्यांच्याशी बोला, मोबाइलवरची गाणी बंद ठेवा.

प्रत्येक फाट्यावर मागं वळून बघायची सवय लावून घे. जाताना दिसणारी वाट आणि येताना दिसणारी वाट, दोन्ही एकच असल्या तरी ओळखू येत नाहीत. मळलेली वाट अचानक बारीक होऊन काट्यांत शिरली, तर ती ढोरवाट. पुढं रेटायचं नाही, शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत परत यायचं. परतीची वेळ खाली असतानाच ठरवा. त्या वेळी जिथं असाल तिथून उलटं फिरायचं, मग माथा दहा मिनिटांवर असला तरी.

वर पोचलात की धावत कोकणकड्याकडे सुटू नका. आधी मंदिराच्या परिसरात निवांत वेळ द्या. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराभोवती जे आहे ते बहुतेक सगळं पाण्याशी बांधलेलं आहे. शेजारी पुष्करणी, तिच्या काठाच्या भिंतीत ओळीनं देवळ्या. आजूबाजूला कातळात खोदलेली टाकी. आणि थोडं खाली केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, त्याभोवती कमरेइतकं पाणी, आणि चार खांबांपैकी धड उभा एकच. हा चौथा खांब पडला की कलियुग संपणार, अशी इथली समजूत आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. घालायची असेल तर बूट काढून, खांद्याला खांदा लावून, हळूहळू. तळ निसरडा असतो आणि गारठा इतका की पहिल्या पावलाला श्वास अडकतो. साबण, तेल, तंबाखू काही त्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही.

चांगदेवांनी इथं तप केलं आणि ‘तत्त्वसार’ लिहिलं असं मानतात. त्यांचं नाव इथल्या शिलालेखांत आहे. शिलालेख बघायची एक युक्ती सांगते. भर दुपारी समोर उभं राहून अक्षरं दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं आडवा उजेड टाक. खोलगट अक्षरांत सावली भरते आणि पुसट वाटणारी ओळ एकदम उठून दिसते. खडू, पीठ, रंग काहीही त्यावर फासायचं नाही, फोटो चांगला यावा म्हणूनसुद्धा नाही. शतकानुशतकं टिकलेली अक्षरं अशा घासण्यानं जातात आणि परत येत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्याचा मला मनापासून आनंद झाला. हा गड त्या यादीत नाही. त्यामुळं इथल्या दगडाची राखण येणाऱ्याजाणाऱ्यांनाच जास्त करावी लागते.

लेण्यांच्या तोंडाशी आणि टाक्यांच्या काठावर कातळात गोल खळगे दिसतात का ते बघ. बऱ्याच ठिकाणी असे खळगे लाकडी खांब रोवायला केलेले असतात, त्यावर मांडव किंवा छप्पर पडे. पुढं कधी रतनगडाला गेलीस तर दरवाजाच्या दोन्ही बाजूंना अडसराच्या खोबणी शोध. मात्र हात घालायच्या आधी बॅटरी मारून बघायचं. विंचू आणि फुरसं यांना अशाच जागा आवडतात. कुणाला साप चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, रक्त चोखणं यातलं काही करायचं नाही. अंगठी-बांगडी काढायची, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि लगेच सरकारी रुग्णालयाकडे निघायचं. मदतीला ११२ किंवा १०८ लावायचा. गडावर रेंज सगळीकडे नसते, म्हणून ती कुठं येते हे वाटाड्याला आधीच विचारून ठेव.

कोकणकड्याची वेळ दोनदा साधा, संध्याकाळी आणि सकाळी. कडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि आतल्या बाजूला कोरल्यासारखा वळलाय, त्यामुळं काठावर उभं राहून खालचं काही दिसत नाही. पोटावर झोपायचं, मागच्या मैत्रिणीनं घोटे धरायचे आणि मग डोकं पुढं काढायचं. खालून वर येणारा वारा तोंडावर आदळतो, टोपी असेल तर ती खाली न पडता वर उडते. काठावरच्या वाळक्या गवतावर पाय घसरतो, तिथं सेल्फी नाही म्हणजे नाही. सकाळी सूर्य पाठीशी असताना समोर दरीत धुकं साचलं, तर आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. १८३५ मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं याच भागात ते बघून नोंदवलं होतं. शेजारी दोघी उभ्या असल्या तरी प्रत्येकीला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. त्यासाठी पहाटेची झोप मोडायला हरकत नाही.

मुक्कामाला काय चालतं हे पाचनईत वनखात्याच्या नाक्यावर विचारा. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, नियम बदलत असतात. गुहेत शेकोटी करायची नाही. धुरानं कोरीवकाम काळवंडतं, आणि कड्याला आग्या मोहोळ असलं तर ते उठतं. अंगावर अत्तर, डिओ काही नको. माश्या अंगावर आल्याच तर हात झाडायचे नाहीत. चादरीनं तोंड आणि मान झाकायची आणि कडा नसलेल्या बाजूनं तिथून दूर व्हायचं.

अवकाळी पाऊस आला तर ओढा ओलांडायची घाई करू नका. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहत यायला लागली, की वर जोरात पडतोय असं समजा, मग डोक्यावर आभाळ मोकळं का असेना. आपले ओढे लवकर चढतात आणि पाऊस थांबला की बहुतेकदा काही तासांत उतरतातही. बसून राहा, गूळ-शेंगदाणे खा. ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पाय घसरला तर ती झटकन टाकता आली पाहिजे. पाणी असं लवकर चढतं म्हणूनच सांदण दरीत पावसाळ्यात जायचं नसतं. दोन्हीकडे उभे कडे, पाणी चढलं तर बाजूला सरायला जागाच नाही.

उतरायच्या आदल्या रात्री पायाची नखं काप, नाहीतर बुटात अंगठा काळानिळा होतो. घसाऱ्यावर पाय आडवे टाकायचे, गुडघे किंचित वाकलेले, आणि दोघींमधे अंतर ठेवायचं, म्हणजे वरचा दगड सुटला तर खालचीला लागत नाही. दगड सुटलाच तर जोरात ‘दगड’ म्हणून ओरडायचं.

दुसरा दिवस हाताशी असेल तर रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आणि त्याची पुष्करणी बघून या. प्रवरा तिथल्याच डोंगरांतून निघते, आणि १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणानं भंडारदऱ्याला तिचंच पाणी अडवलंय. डोंगरापासून खालच्या धरणापर्यंत पाणी सलग बघायला मिळतं.

चढताना पाचनईत ज्या घरी नावं आणि परतायची वेळ सांगितली असेल, तिथं खाली आल्यावर पहिल्यांदा तोंड दाखवा. न सांगता गाडीत बसून निघून गेलात तर ती माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला वर जातील. तिथंच पिठलं-भाकरी खा, गाडी चालवणारीला तासभर झोपू दे, मग निघा. आणि आळेफाट्याला पोचलात की मला फोन कर.