एक मार्ग, अनेक वासना

समूहात राहणाऱ्यापुढे एक प्रश्न सदैव उभा असतो. आपले वेगळेपण जपावे तर समूहाशी फारकत होते. समूहात सर्वस्वी विरून जावे तर स्वतःची बुद्धी व स्मृती व्यर्थ ठरते. मग साधकाने करावे काय?

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक नृपती पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन याने येथे स्वतंत्र शाखा स्थापिली. कुळ एकच, परंतु नंदिवर्धनच्या शाखेहून ही गादी निराळी. १९३९ साली उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा भाग प्राकृतात आहे. एकाच लेखात दोन वाणी सुखाने नांदल्या. राजकुळाला जे साधले, ते साधकांच्या समूहात कसे साधावे, हे आपल्याच ग्रंथपरंपरेत पाहता येते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी त्या पाहिल्या वा ऐकल्या, त्यांच्याकडून मिळविल्या. परंतु एकच लीळा सर्वांना एकसारखी आठवत नव्हती. कोणास स्थळ निराळे आठवे, कोणास शब्द निराळा. अशा वेळी सर्वांची स्मरणे घोटून एकच गुळगुळीत कथा करणे सोपे होते. तसे झाले नाही. लीळाचरित्राच्या पोथ्यांत मुख्य लीळेसोबत ‘वासना’ नोंदविलेल्या आढळतात. वासना म्हणजे येथे इच्छा नव्हे, तर त्याच लीळेचे दुसऱ्याच्या स्मरणातील रूप. ज्याचे स्मरण इतरांहून भिन्न, तो मार्गाबाहेर गेला नाही. त्याचे स्मरणही पोथीबाहेर गेले नाही.

तर मग ज्याला जे वाटेल ते त्याने करावे, असा याचा अर्थ घ्यावा काय? नव्हे. स्मृतिस्थळातील केशोबासांचा प्रसंग येथे विचारार्ह आहे. केशोबास संस्कृताचे पंडित. त्यांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, त्यायोगे मार्गातील भोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला वंचित होतील, असे श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना सांगितले. केशोबासांचे पांडित्य यामुळे वाया गेले नाही. स्वामींची विखुरलेली वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध करण्यास, दृष्टांतांची मांडणी करण्यास तीच सूक्ष्म बुद्धी कामी आली. सोडावी लागली ती केवळ इतरांना दाराबाहेर ठेवणारी भाषा.

महदाइसांची गोष्टही अशीच. त्या जिज्ञासू, प्रश्न करणाऱ्या. त्यांच्या प्रश्नांमुळे अनेक गोष्टींचा उलगडा पुढच्यांना लाभला, आणि ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी त्यांनी गायिलेले धवळे मराठीचे भूषण ठरले.

या तिन्ही उदाहरणांतून एकच कसोटी हाती येते. जे वेगळेपण सर्वांच्या ध्येयात भर घालते, ते राखावे. जे दुसऱ्यास वंचित करते, ते विनयाने सोडावे. समूहानेही भिन्न स्मरण सांगणाऱ्यास द्रोही म्हणू नये, कारण आज गप्प बसविलेला एक साक्षी म्हणजे उद्या हरवलेली एक लीळा होय. साधकाने तरी आपली वासना सांगताना ‘हेच खरे’ असा आग्रह न धरता ‘मजला असे स्मरते’ एवढेच म्हणावे. पोथीत जागा आहे. ती त्याला मिळेल.