मंत्र्यांचे उत्तरदायित्व : मुंदडा प्रकरणाचा धडा

मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, असे राज्यघटनेचा ७५ वा अनुच्छेद सांगतो. राज्यांसाठी तीच तरतूद १६४ व्या अनुच्छेदात आहे. परंतु खात्यात गैर घडल्यास त्या खात्याच्या मंत्र्याने व्यक्तिशः काय करावे, याविषयी घटना मौन बाळगते. तेथे संकेत उपयोगी पडतात आणि संकेत प्रसंगांतून घडतात.

जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते आणि पैसा विमेदारांचा होता. महामंडळाच्याच गुंतवणूक समितीला मात्र विचारण्यात आले नव्हते. लोकसभेतील प्रश्नांना आरंभी मोघम उत्तरे मिळाली. १६ डिसेंबर रोजी फिरोझ गांधी यांनी तपशिलांसह विषय मांडला, तेव्हा ती पुरेनाशी झाली. गांधी हे सत्तारूढ पक्षाचेच सदस्य होते, हे विशेष. मंत्र्यांना जाब विचारणे हे केवळ विरोधकांचे काम, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. मुंबईत उघड चौकशी होऊन १० फेब्रुवारीस अहवाल सादर झाला. व्यवहार आपल्या संमतीने झाला नाही, अशी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची भूमिका होती. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते. त्याला अधिकाऱ्याच्या आड लपता येत नाही, तसेच त्याची कृती झटकूनही टाकता येत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. १९६३ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले. राजीनामा म्हणजे अपराधाची शिक्षा नव्हे, हे यावरून ध्यानी येते. त्यापूर्वी नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूर येथील रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले होते. तेथे तर मंत्र्यांच्या संमतीचा प्रश्नच नव्हता.

असे राजीनामे विरळाच. नित्याचे उत्तरदायित्व प्रश्नोत्तरांच्या तासात दिसते. सभागृहात मंत्री जे उत्तर देतात, त्याचा मसुदा खात्याच्या कार्यासनावर तयार होतो, पुष्कळदा जिल्ह्यातून आलेल्या माहितीवर. तेथून अपुरी माहिती गेली, तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढेच शब्द सभागृहात उच्चारले जातात. ते आश्वासन मानले जाते आणि त्याची पूर्तता झाली किंवा नाही, हे लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून तपासत आली आहे.