पाठीराखे

मुंबई–नागपूर लोहमार्गावर बडनेरा हे वऱ्हाडातील एक प्रमुख जंक्शन आहे. अमरावतीकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. एखादी वेगवान गाडी धडधडत फलाटाला लागते, थोडा वेळ थांबते आणि पुढे निघून जाते. प्रवाशांच्या नजरेत भरतात ते इंजिन आणि डबे. परंतु सिग्नल देणारा, सांधे बदलणारा, रूळ तपासणारा, यांपैकी एकाचेही काम चुकले, तर त्या गाडीचा सारा वेग व्यर्थ होय. सायकलींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतही असेच घडते.

अमेरिकेत १९८२ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर तोडावयाचे असते. वाटेत तापलेले वाळवंट लागते आणि रॉकी पर्वताच्या थंडगार खिंडीही लागतात. एकदा घड्याळ सुरू झाले की ते अखेरपर्यंत थांबत नाही. झोपेत गेलेला वेळही मोजला जातो.

२०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू या शर्यतीत उतरले. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. एकाने सायकल चालवावी, तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यावा, अशा रीतीने त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत ही शर्यत पुरी केली. मुदत नऊ दिवसांची होती. ती पार पाडणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. पुढे २०१७ साली नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हेच अंतर एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत कापले.

‘एकेकट्याने’ म्हटले, तरी या शर्यतीत कोणीही खरोखर एकटा नसतो. प्रत्येकाच्या मागे मदतनिसांचे पथक असते. रात्री सायकलस्वाराच्या पाठोपाठ दिवे लावलेली मोटार असलीच पाहिजे, असा नियम आहे. त्या मोटारीतील एकजण नकाशा पाहून वाट सांगतो. वाट चुकली, तर जेथे ती सोडली तेथे परत यावे लागते. दुसरा ठरावीक वेळाने पाणी आणि अन्न देतो. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. म्हणून नुसते पाणी पुरत नाही. तिसरा साखळी, ब्रेक व चाके यांवर लक्ष ठेवतो. जागरणाने सायकलस्वाराचे भान हरपू लागले, की आता थांबावे की पुढे जावे, हे पथकालाच शांतपणे ठरवावे लागते. पथकातील कोणी नियम मोडला, तर वेळेचा दंड मात्र सायकलस्वाराला भरावा लागतो. म्हणूनच मदतनिसाची जबाबदारी लहान नाही.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या रस्त्यावर हौशी तरुणांची एखादी शर्यत निघाली, तर तेथेही हेच नियम उपयोगी पडतील. वऱ्हाडातील ऊन कडक असते. आदल्या दिवशीच चाकांतील हवा व ब्रेक तपासावेत. पंप आणि जादा ट्यूब बरोबर घ्यावी. मीठ-साखर घातलेले पाणी कोणत्या वळणावर, कोणी द्यावयाचे, हे आधी ठरवून ठेवावे. रस्त्याच्या कडेला उभे राहून खेळाडूंना हुरूप द्यावा. उत्साहाच्या भरात रस्त्यात मात्र धावू नये. शर्यतीत मागे पडलेला गडी येईपर्यंत आपली जागा सोडू नये. कारण पाण्याची गरज त्यालाच अधिक असते.

हार विजेत्याच्या गळ्यात पडतो आणि तो योग्यच होय. परंतु तो स्वीकारताना विजेता मागे वळून ज्यांच्याकडे पाहतो, त्या पाठीराख्यांचा मानही काही कमी नसतो.

स्वाध्याय

१. मदतनिसाच्या चुकीचे फळ सायकलस्वाराला कसे भोगावे लागते?
२. रेल्वे आणि सायकलींची शर्यत यांत कोणते साम्य दाखविले आहे?
३. तुमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धेत पडद्यामागे राहून कोण कोण काम करतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.