घोडीला ‘नाही’ म्हणू दे

चि. भाच्यास,

तू पाठवलेला व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिला. काठीच्या टोकाला बांधलेल्या झाकणाला घोडी नाक लावते, तू जिभेनं ‘टक्’ करतोस आणि मग चिमूटभर चंदी देतोस. चाबूक न उगारता काम होतं हे तुला पटलं आणि तिलाही पटलं, हे चांगलं झालं. आता गावात तिला सलाम करायला आणि वरातीत नाचायला शिकव म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. तुझ्या घोडीची पुढची इयत्ता म्हणजे नालबंद आणि डॉक्टर.

आधी दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. जिभेचा तो आवाज बदल. आपल्याकडे गाडीवान घोडं हाकायला तसाच आवाज काढतात, उद्या तिला वाटेल चालायचं की खायचं? एखादा आखूड शब्द धर, तो इतर वेळी तोंडात येऊ देऊ नकोस. झाकण लाल आहे, ते पिवळं किंवा निळं घे. घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. गूळ आणि उसाचं कांडं बंद. सांगलीकडं लाड म्हणजे ऊसच असतो, पण जास्त गोडानं घोड्याचे खूर दुखायला लागतात. गाजर द्यायचं तर उभं चिर, गोल चकत्या घशात अडकतात. आणि उपाशी घोडीला शिकवायला घेऊ नकोस. पुढ्यात कडबा असू दे, म्हणजे ती चंदीवर तुटून पडणार नाही. खिसा हुंगायला लागली तर ढकलू नकोस. मान सरळ करेपर्यंत थांब, सरळ केली की त्या क्षणी शब्द आणि चंदी.

आता पाय. झाकण दावणीच्या खांबाला बांध, पण घोडीला बांधू नकोस. नाक झाकणाला लागलेलं आहे तोवर तू काम करायचं, तिनं नाक काढलं की तूही हात काढायचा. लोक हसतील, म्हणतील हा घोडीला विचारून काम करतो. करावंच. नको म्हणायची सोय असलेल्या जनावराला लाथ झाडायची गरज उरत नाही.

डाव्या अंगानं खांद्याशी, शेपटीकडं तोंड करून उभा राहा. खांद्यावर तळहात ठेव, शब्द, चंदी. मग हात कोपरापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग खाली खुराच्या वरच्या लवेपर्यंत. तिथं हात टेकवून वाट बघ. घटकाभरात ती अंगाचा भार दुसऱ्या पायावर टाकते, खांदा जरासा हलतो. नेमका तोच क्षण पकड. खूर उचलला गेला नसला तरी चालेल, अर्धं काम तिथंच झालं. पुढं अंगठाभर उचलला की लगेच, तिनं ओढायच्या आत, तूच खाली ठेव. मग एक अंक मोजेपर्यंत, मग दोन. धरायचा वेळ वाढला की दगडानं खुरावर हलकं ठोकायला घे, पण ठोकायला लागलास त्या दिवशी वेळ पुन्हा एका अंकावर आण. एका वेळी एकच अडचण वाढवायची. दोनदा चुकली तर ही पायरी अवघड झाली असं समज आणि खाली उतर. मागचे पाय याच रीतीनं, पण घाई बिलकूल नको, आणि कधीही थेट मागून जाऊ नकोस, तिथं तिला काही दिसत नाही.

सुईचंही असंच. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्याची लस चुकवता येत नाही. मानेला चिमटा, स्पिरिटचा बोळा, टोपण लावलेली सिरिंज, अशी खोटी टोचणी पुष्कळ होऊ दे. खरी सुई त्यात एखादीच आली तर ती विश्वास सोडत नाही. टेम्पोत चढायलाही आतापासून शिकव. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची वेळ पोटदुखीतच येते, आणि पोटदुखीत काही शिकवता येत नाही.

पुढं पाय उचलायला वेगळा हुकूम लावशील, तेव्हा ती नेमकं काय ओळखते तेही तपास. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत हलतं आणि तो तेवढ्यावर थांबतो. म्हणून हात पाठीमागं बांधून, नजर दुसरीकडं ठेवून तो हुकूम सांगून बघ. अंगणात हुकमावर पाय देणारी घोडी अशा वेळी गोंधळली, तर ती हुकूम नव्हे, तुझं वाकणं वाचत होती.

अंगणात आलेलं रस्त्यावर आपोआप येत नाही. नव्या जागी पहिल्यापासून, नुसतं नाक लावण्यापासून सुरू कर. गोठ्यामागं, मग ओढ्याकडं, मग एसटीच्या रस्त्याकडेला. खरसुंडीच्या यात्रेला नेणं सगळ्यात शेवटी. या बाबतीत माणदेशातल्या धनगरांकडं बघ. महाराष्ट्राच्या राज्यगीतात जिचं नाव आहे ती भीमथडी तट्टांची जात अशाच धनगरांच्या वाड्यांनी टिकवली. पाठीवर संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, रोज नवा मुक्काम, तरी तट्टू बुजत नाही, कारण शिंगरू असल्यापासून ते आईच्या मागं हे सगळं बघत चालत आलेलं असतं. तुझ्या घोडीला ते बालपण मिळालं नाही, म्हणून तुला थोडं थोडं करून द्यावं लागेल.

सत्र छोटं ठेव. कान मागं गेले, शेपूट फटकारायला लागली, चंदी घाईघाईनं ओढून घ्यायला लागली, तर सोपं काहीतरी करून घे आणि सोड.

नालबंदाला सांगून ठेव, पहिल्या खेपेला नाल नको, नुसती दोन पायांना कानस मारायची आणि पैसे चार पायांचे घ्यायचे. तो कधी येणार ते कळव, जमलं तर मीही साताऱ्याहून येईन. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा